माश्यांची न सांगायची जागा

"म्हणजे तुम्ही जागा सांगणारच नाही?"

"न्हाय."

"आत्या, अहो कायदा आहे. गावच्या जैवविविधता समितीत नोंद झाली, की विचारल्याशिवाय कुणी धंद्यासाठी माश्या न्यायच्या नाहीत. तुमची माहितीही कुणी परस्पर वापरायची नाही."

"आन् माश्यांना ठावं हाय का ह्ये?" केराबाईनं मांडीवरच्या कोकराची जखम पुसत सुनेला, ऋतुजाला विचारलं. जखमेवर लावायला त्याच माश्यांचा थेंबभर मध वाटीत होता.

"थट्टा करा. ओढ्याकडची माश्यांची भिंत त्या मधपेट्या ठेवणाऱ्यांनी फोडून नेली, तेव्हा दोन घास गेले नव्हते तुम्हाला."

केराबाईचा हात थांबला.

आता एकच जागा उरली होती. तिळाएवढ्या काळ्या, डंख नसलेल्या माश्या. दगडाच्या सांदीतून बाहेर डोकावणारी त्यांची मेणाची नळी. केराबाई नवी नवरी असताना सासू एका दुपारी उठली आणि नुसती चालू लागली. ही मागोमाग. नातेपुत्याकडचा सगळा माळ उन्हात पातळ झालेला, लांबची मेंढरं पाण्यावर तरंगल्यासारखी. सासूनं दगडाला कान लावला, मग हिचं डोकं धरून हिचाही. आत खोल कुणीतरी जातं ओढत होतं. त्या आवाजात हिला माहेरची पहाट ऐकू आली. सासूनं बोटभर मध काढला, भोक ओल्या मातीनं लिंपलं. येताजाता शब्द नाही. बोललेली जागा कुणाच्याही कानी पडते. म्हणून सुनेला चालवत न्यायचं, सांगायचं नाही, ही त्या घरची रीत.

पण ही सून सोलापुरातली, शुक्रवार पेठेतली. हिला सगळं बोलून हवं.

"समितीत मी आहे ना," ऋतुजाचा आवाज खाली आला. "जागा उघड करायची नाही, असं मीच मांडीन. पण मलाच ठाऊक नसेल तर भांडू कशाच्या जोरावर? उद्या तीही फोडली, तर मला कळणारसुद्धा नाही, आत्या. तुमच्यामागं त्यांना ओळखणार कोण?"

केराबाईनं कोकरू खाली सोडलं. सुनेकडं बघत राहिली, लांबून कुणी येताना दिसावं तशी. मग रांजणाखालची ओली माती मूठभर घेतली, पदर डोक्यावर ओढला आणि काही न बोलता, दार उघडंच ठेवून, माळाच्या दिशेनं चालू लागली.