जाधवबाईंची जागा

"मी चंद्रभागा जाधव. आपट्याची. राखीव जागेवरून आले. फायनलला बावन्न टक्के. आणखी कुणाला काही विचारायचंय?"

पनवेलच्या आमच्या मुलींच्या शाळेत जाधवबाईंनी पहिलं पाऊल टाकलं ते हे बोलत. नमस्कार नंतर. आम्ही तेरा शिक्षिका मधल्या सुट्टीत डबे उघडून बसलो होतो आणि खरं सांगायचं तर याच गोष्टी हळू आवाजात बोलून झाल्या होत्या. बाईंनी त्या खणखणीत बोलून टाकल्या आणि आमच्याकडे कुजबुजायला काही शिल्लकच ठेवलं नाही. अंगावर सुती नऊवारी, कपाळ मोकळं, वय तिशीच्या आसपास. नवरा मुंबईच्या गोदीत अपघातात गेला, त्यानंतर या बाईंनी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल दिली होती. स्वातंत्र्याला वर्ष-दोन वर्षं झाली असतील तेव्हा.

मला त्यांचा राग आला आणि त्याला कारण होतं. माझी धाकटी बहीण कुसुम. तिला त्याच परीक्षेत चौसष्ट टक्के होते, तिनंही अर्ज केला होता आणि तिला जागा मिळाली नव्हती. घरी कुसुम उशीत तोंड खुपसून रडायची आणि इथे ही बाई बावन्नचे ढोल वाजवतेय! आठ दिवस मी नुसती धुसफुसत होते. नवव्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाले, "जाधवबाई, तुमच्यामुळे माझ्या बहिणीची जागा गेली."

बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी टाक खाली ठेवला. "तिचं वाईट झालं. मनापासून सांगते, वाईट झालं. पण लिमयेबाई, शाळेत आपण चौदा जणी. एक जागा माझी. तेरा जागा तुमच्याच आळीतल्या घरांत गेल्यात. बहिणीची जागा शोधताना त्या तेरांकडं एकदा तरी बघितलंत का? थेट माझ्याच बाकड्यापाशी कशा आलात?"

बाई थांबतायत थोड्याच! "आणि तुम्ही कशावरून आलात?"

"मला एकसष्ट टक्के आहेत!" मी ताडकन म्हणाले.

"टक्के नाही विचारले."

सगळ्या जणी डब्यात बघायला लागल्या. माझ्या मामांनी स्कूल बोर्डाच्या एका सभासदाला माझ्यासाठी चिठ्ठी दिली होती, हे उभ्या शाळेला ठाऊक होतं. कुसुमच्या वेळेला मामा हयात नव्हते, एवढाच काय तो फरक. "चिठ्ठीची जागासुद्धा राखीवच असते हो," बाई म्हणाल्या, "फक्त ती गॅझेटात छापत नाहीत." आणि पुन्हा वह्या तपासायला लागल्या. त्या दिवशी मी घरी जाऊन कुसुमशी उगाचच भांडले.

पण शिकवणं? शिकवणं असं की आम्ही आपापले वर्ग सोडून दाराशी उभ्या राहायचो. पावकी, निमकी, दिडकी, औटकी, अपूर्णांकांचे सगळे पाढे पोरींच्या तोंडी. खाडीकाठच्या मिठागरांवरून येणाऱ्या पोरी, घरी "आमी नाय, तुमी हाय" असं बोलणाऱ्या, पुस्तकी मराठीला बिचकायच्या. बाई त्यांना म्हणायच्या, "आधी तुझ्या बोलीत सांग. बरोबर असलं की मग पुस्तकात बसवू." त्यांची एक खोड होती. प्रत्येक पोरीची पाटी त्या हातात घेऊन, डोळ्यांजवळ नेऊन बघायच्या. मला वाटायचं, नजर अधू असेल. एकदा विचारलंच. तर म्हणाल्या, "आमचे मास्तर माझी पाटी हातात घेत नव्हते. आम्ही ओसरीत. पाटी जमिनीवर ठेवायची, ते उंबऱ्याआतून बघणार. लांबून जेवढं दिसलं तेवढे मार्क. ते बावन्न टक्के ओसरीतले आहेत, लिमयेबाई. आत बसून किती पडले असते ते तुम्हीच सांगा."

एकदा तपासणीला साहेब आले. बाईंच्या वर्गाला त्यांनी औटकी उलटी विचारली, पोरींनी उलटी म्हणून दाखवली. साहेब खूष. म्हणाले, "वा! हा वर्ग राखीव जागेवरच्या शिक्षिकेचा वाटत नाही." मोठ्या बाई, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेस, हसल्या. मीही हसले. जाधवबाई हसल्या नाहीत. "साहेब, मग कुणाचा वाटतो? नाव सांगा, मी त्यांना पोरींच्या वह्या नेऊन देते." साहेबांनी घड्याळ बघितलं आणि पुढच्या वर्गाकडे वळले.

आता त्या फॉर्मची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय जाधवबाई कळायच्या नाहीत. माझं तोंड मात्र त्यात काळं आहे.

बाई अनट्रेंड होत्या. ट्रेनिंग कॉलेजची दोन वर्षं केल्याशिवाय पगार वाढत नसे, हेडमिस्ट्रेस होता येत नसे, आणि शहरातल्या शाळेत कायम राहण्याची शाश्वती नसे. कॉलेजात काही जागा राखीव असत आणि चाळिशीच्या आत तिथे पोचायचं होतं. बाईंचा नंबर लागायची वेळ आली आणि नेमकं त्याच सुमारास, छप्पन सालच्या दसऱ्यानंतर, त्यांनी आपट्याच्या वाडीबरोबर बौद्ध धर्म घेतला. जिल्ह्याच्या कचेरीतून सांगणं आलं की बौद्ध झालेल्यांना जुन्या सवलती नाहीत.

शाळेतले सगळे फॉर्म मी भरायचे. माझं अक्षर वळणदार, त्याचा मला भारी तोरा. बाई म्हणाल्या, "धर्म बौद्ध लिहा. जातीपुढं रेघ मारा. आणि राखीव जागाच मागा."

"अहो, पण देणार नाहीत!"

"नाय देणार तर तसं लिहून देऊ देत. मागायचं तर माझ्या नावानं मागायचं." रागावल्या की त्यांच्या तोंडी आपट्याची बोली यायची. मी म्हटलं, कच्चं खाडाखोडीचं नको, सही करून ठेवा, पक्का फॉर्म मी घरून भरून आणते. त्यांनी कोऱ्या फॉर्मवर सही केली. माझ्यावर विश्वास टाकून केली.

मी घरी बसून लिहिलं, "धर्म: हिंदू. जात: महार."

का लिहिलं? त्यांच्या भल्यासाठी. आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन आणि सांगताना लाज वाटेल. एका शब्दानं बाईचं आयुष्य मार्गी लागतंय, कोण बघतंय तो कागद, असा विचार केला. आपण किती मोठ्या मनाच्या, असंही वाटलं. खोटं कशाला बोलू?

यादीत नाव आलं. जाधवबाईंनी साऱ्या शाळेला साखरफुटाणे वाटले. मला म्हणाल्या, "बघा, बौद्ध लिहूनही दिली! सरकारला अक्कल आली म्हणायची." माझ्या तोंडातला फुटाणा गिळवेना. चार दिवसांनी हुकूम आला. त्यात नावापुढे कंसात "हिंदू महार" लिहिलेलं होतं आणि तसा दाखला घेऊन हजर व्हायला सांगितलं होतं. बाई तो कागद घेऊन माझ्या वर्गात आल्या.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"तुमचं भलं व्हावं म्हणून, जाधवबाई. दोन वर्षं गप्प बसा. ट्रेनिंग होऊन जाऊ दे. मग काय हवं ते लिहा!"

"तीस वर्षांनी मी त्या ओसरीतून उठले," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, हे जास्त वाईट. "आणि तुम्ही माझ्याच सहीनं मला परत तिथं नेऊन बसवलंत."

दुसऱ्या दिवशी त्या एस.टी.नं अलिबागला निघाल्या. मीही निघाले. गाडीत त्या पुढच्या बाकावर, मी मागच्या. जिल्ह्याच्या कचेरीत मी कारकुनाला सांगितलं, हे अक्षर माझं, चूक माझी; बाईंनी सांगितलं, धर्म बौद्ध करा आणि जागा राखीवच द्या. तो वैतागला. "बाई, मिळालेली जागा घालवायला आलात? आणि दुरुस्तीच करायची तर सवलत कशाला मागता? धर्म बदललात ना? मग जात गेली. जात गेली, सवलत गेली."

"जात माझ्याकडून गेली साहेब," जाधवबाई म्हणाल्या. "तुमच्याकडून गेली का, ते सांगा. गेली असेल तर उठा आणि त्या कोपऱ्यातल्या माठातलं पाणी मला तुमच्या पेल्यानं द्या. दिलंत तर मी राखीव जागा मागत नाही. धर्म मी बदललाय, गावानं नाही बदललेला. ही जागा गावामुळं आहे, माझ्या धर्मामुळं नाही."

कारकून उठला नाही. त्यानं लाल शाईनं नाव खोडलं. परतीच्या गाडीत मीच रडत होते. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

वर्षभर त्या माझ्याशी "लिमयेबाई, खडू" याच्यापलीकडे बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या अक्षरात पुन्हा अर्ज केला, धर्म बौद्ध, आणि नकाराचं पत्र जपून ठेवलं. महाराष्ट्र झाल्यावर काही काळानं राज्यानं बौद्धांनाही सवलती लागू केल्या. बाईंनी त्याच आठवड्यात तिसरा अर्ज टाकला. उत्तर आलं, आता वय उलटलं.

मग जिल्हा परिषद आली. अनट्रेंड शिक्षकांना खेड्यांत पाठवायचं ठरलं आणि बाईंची बदली नेऱ्याकडच्या एका चारखणी शाळेत झाली. ज्या भीतीनं मी तो उपद्व्याप केला होता तेच शेवटी झालं. शाळेनं निरोपाची सभा ठेवली. शाळा समितीचे अध्यक्ष तात्या, भाताच्या गिरणीचे मालक, बोलायला उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण बोलायला लागला की स्वतःच्याच आवाजावर खूष व्हायचा. "आजकाल जो तो सवलती मागतो," तात्या म्हणाले. "पण आमच्या जाधवबाई बघा! सवलत लाथाडली आणि स्वतःच्या हिमतीवर उभ्या राहिल्या. अशी माणसं असताना राखीव जागा हव्यात कशाला, मी विचारतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शप्पथ सांगते, मीही वाजवल्या.

जाधवबाई उभ्या राहिल्या. नारळ आणि शाल टेबलावर तशीच होती. "तात्या, हे खोटं आहे," त्या म्हणाल्या. "मी या शाळेत आले तीच राखीव जागेवरून. पुढं ट्रेनिंगला परत मागितली. मी लाथाडली नाय, तुमी दिली नाय. दिली असतीत तर आज मी इथं हेडमिस्ट्रेस असते. नेऱ्याला चालले ती हिमतीनं नाही, जागा नाही म्हणून चालले. आमच्या वाडीतल्या दोन पोरी यंदा सातवीला आहेत. उद्या त्या दारात आल्या की तुम्ही म्हणाल, जाधवबाईंनी नाही घेतली, तुम्हाला कशाला हवी? माझं नाव पुढं करून माझ्या पोरींची वाट अडवू नका. माझं कौतुक नको, त्यांच्या जागा द्या."

तात्यांचा चेहरा उतरला. "अहो, मी तर चांगलंच बोललो," असं पुटपुटले आणि माझ्याकडे वळले, कारण सभेची नोंद नेहमीप्रमाणे मीच लिहीत होते. "लिमयेबाई, हे सगळं नको लिहायला. बाईंनी आभार मानले, एवढंच लिहा."

"आभार त्यांनी मानलेच नाहीत, तात्या," मी म्हणाले. ऐकलं तसं लिहिलं, किती वेळा मागितली तेवढा आकडा मी घातला. मोठ्या बाईंनी डोळे वटारले, तरी लिहिलं.

लोक उठल्यावर जाधवबाई माझ्या टेबलाशी आल्या. वही उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि वाचली. मी लिहिलं होतं, "ट्रेनिंगची राखीव जागा मी दोनदा मागितली, ती मला दिली गेली नाही."

"दोनदा?" त्या म्हणाल्या. "पहिला फॉर्म धरलाच नाहीत."

"तो कसा धरू?" मी म्हणाले. "तो तर मी बिघडवला होता."

"बिघडवलात तुम्ही. मागितली होती मी."

मी "दोनदा" खोडलं आणि "तीनदा" लिहिलं.