व्हिडिओ क्रमांक सात

संस्थाकाकांनी ऑफिसात बाई आणून ठेवली आहे, अशी कुजबूज आमच्या इमारतीत एक अख्खा हिवाळा चालली होती.

पुरावा म्हणाल तर भक्कम. तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दारासमोरच शिंप्याचं दुकान. साडेसहाला बाकीची ऑफिसं बंद झाली की काकांच्या दाराला आतून कडी लागायची आणि आवाज यायचा, "उठा. चाला. वळा. या परत. बसा." शिंपी काजं करता करता कान टवकारून ऐकायचा आणि खाली माझ्या चष्म्याच्या दुकानात येऊन ओकायचा.

"अहो, काय दरारा! बिचारीला नुसती चालवतायत."

"आणि ती काय म्हणते?"

"चकार शब्द नाही. बाई गुणाची दिसते."

सकाळी झाडणाऱ्या मावशींना टेबलावर दोन पेले सापडायचे. एकट्या माणसाला दोन पेले कशाला, असं मीच चारचौघांत विचारलं. तेव्हा त्या कुजबुजीला खतपाणी घालण्यात माझाही वाटा होता, हे कबूल करून टाकतो. या वयात लपवून काय मिळणार!

हात थरथरतात, पाय जमिनीला चिकटून बसतात, मान आपली आपण वळते, अशा आजारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांची एक संस्था काकांच्या त्या ऑफिसातून चालायची. दूरदूरचे मिळून दोनेकशे सभासद. अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलायचा, काका मात्र एकतीस वर्षं व्यवस्थापकाच्या त्याच खुर्चीत. वार्तापत्र, संशोधनाच्या मदतीचे अर्ज, नव्या डॉक्टरांचं प्रशिक्षण, वार्षिक परिषद, सगळं त्या एका खोलीतून. संस्था कुठे आहे विचारलं तर लोक त्यांच्याकडेच बोट दाखवायचे, तेच नाव पडलं. लग्न राहून गेलं होतं. "वेळच मिळाला नाही," असं सांगायचे, जणू दाढ दाखवायला जायचं राहिलं होतं. दूर एक बहीण होती. ती रविवारी फोन करायची, तिकडे थंडी आहे का विचारायची आणि ठेवून द्यायची.

सभासद आपापल्या रुग्णांचे व्हिडिओ पाठवत. या आजारांत रक्त तपासून फारसं कळत नाही म्हणे, माणूस हलतो कसा ते बघावं लागतं. एका दवाखान्यातला रुग्ण दुसऱ्याशी ताडून बघता यावा म्हणून सगळीकडे सूचना त्याच आणि त्याच क्रमाने द्यायच्या: खुर्चीतून उठा, चाला, वळा, परत या, बसा, मग एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओता. ते पत्रक काकांनीच टाइप केलेलं. आलेल्या व्हिडिओतला चेहरा आणि आवाज पुसायचा, क्रमांक द्यायचा, वहीत नोंद करायची. इतकी वर्षं बिनचेहऱ्याची माणसं बघून त्यांची नजर अशी तयार झाली होती की एकदा जिन्यात शिंप्याला म्हणाले, "डाव्या चपलेत खिळा वर आलाय का हो?" आला होता.

त्याच नजरेने दगा दिला. माझ्या दुकानातल्या मोठ्या आरशात त्यांनी एकदा स्वतःला येताना पाहिलं. उजवा हात झुलत होता. डावा हात दुसऱ्याचा असल्यासारखा अंगाशी लटकत होता.

एक तर कंपवाताची सुरुवात, नाहीतर नुसता आखडलेला खांदा. कुठलं, हे सांगणारे दोनशे जाणकार त्यांच्या डायरीत फोन नंबरांसकट हजर! पण विचारायचं कसं? कार्यकारिणी भली माणसं. कंपवात निघाला तर लगेच म्हणाली असती, काका, आता आराम करा. आराम म्हणजे घर. घरी एक खाट, एक स्टोव्ह आणि रविवारचा फोन.

म्हणून काकांनी स्वतःचाच व्हिडिओ काढायचं ठरवलं. तिकाटण्यावर कॅमेरा, समोर खुर्ची, टेबलावर दोन पेले. नियमाप्रमाणे सूचना मोठ्याने द्यायला हव्यात, आणि द्यायला दुसरं कोणी नाही. तेव्हा स्वतःच म्हणायचे "चाला", आणि स्वतःच चालायचे. अडचण एकच. बघणारा काय बघणार हे त्यांना पुरतं पाठ. "चाला" म्हटलं की डावा हात शहाण्यासारखा झुलायला लागायचा. परीक्षकानेच पेपर लिहायला बसावं, तसली गत. पुसायचं, पुन्हा काढायचं. यात हिवाळा गेला. शेवटी एका संध्याकाळी इतके दमले की हाताची आठवणच राहिली नाही, आणि चालतात तसे चालले. त्यांनी चेहरा आणि आवाज पुसला, परिषदेत दाखवायच्या व्हिडिओंत तो सरकवला आणि क्रमांक दिला सात.

परिषदेत शेवटच्या दिवशी कोड्यांचं सत्र असतं. अवघड व्हिडिओ दाखवायचे, सभागृहाने तर्क करायचा, आणि मग ज्याचा रुग्ण त्याने मंचावर येऊन उलगडा करायचा. यंत्रावर नेहमीप्रमाणे काका. सात नंबर पडद्यावर आला.

"कंपवात. सुरुवातच आहे, पण तोच," पहिल्या रांगेतून एक बुजुर्ग म्हणाले.

"छे हो, खांदा आखडलाय. हाडांच्या डॉक्टरकडे पाठवा."

"मला तर हा सोंगाड्या वाटतो," मागून एक तरुण आवाज. "कॅमेऱ्याकडे चोरून मान वळवतोय बघा!"

सभागृह खो खो हसलं. काकाही हसले.

सूत्रसंचालन करणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "हं, कोणाचा रुग्ण? उठा, सांगा." कोणी उठलं नाही. "काका, कोणी पाठवलाय हा?"

काकांनी वही उघडली आणि उगाच दोन पानं मागे गेले. "नोंद नाही, बाई."

"तुमच्या वहीत नोंद नाही? म्हातारे झालात काका!" पुन्हा हशा. "चला, आठवा लावा."

दीडशे जण बसले होते. त्यांतल्या प्रत्येकाला या माणसाने एकतीस वर्षांत कधी ना कधी खोलीची किल्ली दिली होती, चहा दिला होता, दारापर्यंत सोडलं होतं. चाल कोणीच ओळखली नाही.

पुढच्या आठवड्यात ते बसने दुसऱ्या गावी गेले आणि सरकारी दवाखान्याच्या रांगेत बसले. तिथली पोरसवदा डॉक्टरीण संस्थेची सभासद नव्हती, पण भिंतीवर पत्रक काकांचंच. तिने उठवलं, चालवलं, वळवलं, बसवलं आणि लिहायला घेतलं.

"पेले राहिले," काका म्हणाले.

तिने पेलेही आणवले. पाणी सांडलं. कंपवातच होता.

हे सगळं मला त्यांनी दुकानात बसून सांगितलं. मी नेहमीसारखी बाईवरून थट्टा केली होती, आणि या खेपेला ते हसले नाहीत. मी विचारलं, "अहो, मग तेव्हा उठून सांगायचं होतं, माझाच आहे म्हणून."

"उठलो असतो तर मंचापर्यंत चालत जावं लागलं असतं," ते म्हणाले. "सगळे बघत असते."

"आता तरी सांगा त्यांना."

"गोळ्या चालू आहेत. हात झुलतोय. कोणाला कळत नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "शिंप्याला मात्र काही बोलू नका. बाई आहे असंच राहू द्या."

मी नाही बोललो. शिंपी ते दुकान सोडून गेला तोवर त्याला खात्री होती, आणि काका निवृत्त होईपर्यंत इमारतीलाही. आता दोघेही नाहीत, म्हणून सांगतो. त्या खोलीत बाई कधीच आली नाही. संध्याकाळी साडेसहानंतर तिथे काका एकटे असायचे.