टीव्हीला मिळालेली सूट

आमच्या दवाखान्यातले संगणक सांभाळणारे काका इतके हळुवार, की माऊससुद्धा झोपलेल्या बाळासारखा हलवायचे. त्यांचा सगळा जीव फायरवॉलमध्ये, म्हणजे संगणकांच्या जाळ्याच्या राखणदारात.

एकदा त्यांनी झाडून सगळ्यांची वाट अडवली आणि फक्त आपल्या संगणकाचा जाळ्यातला पत्ता त्यातून वगळला. पण तो पत्ता आपण सकाळीच बदललाय हे ते विसरले, आणि जुना गेला होता बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीकडे. आता दवाखान्यात मोकळा उरला तो एकटा टीव्ही.

डॉक्टरीणबाई कडाडल्या, "काका, पेशंट पाय वर करून बसलाय अन् एक्सरे उघडत नाही! आत्ता उघडा, नाहीतर उद्यापासून घरी बसा!"

फायरवॉलपर्यंत पोचायला आता टीव्हीच उरला होता, म्हणून काका कीबोर्ड घेऊन त्याच्यापुढे स्टुलावर चढले. मालिका गेली, पडदाभर आकडे आले.

"अरे, सून पळून चालली होती!" बाकावरच्या आजी ओरडल्या.

"आजी, इथं माझी नोकरी पळून चाललीय."

सगळे पेशंट श्वास रोखून बघू लागले. काकांनी नवा पत्ता वगळला, मग सगळ्यांची वाट मोकळी केली, आणि आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "उघडला!" बाकावर टाळ्या पडल्या. काकांनी घाम पुसत मालिका लावली.

आजी फुरंगटल्या. "काढ ती. तुझंच लाव पुन्हा."