बोर्ड कोणाकडे होता

त्या दिवशी स्विम बोर्ड माझ्याकडे होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सैन्याच्या चौकशीत, कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, उलटंच सांगितलं. बायकोला तर काहीच सांगितलं नाही. वीसेक वर्षं झाली. आता लिहितो आहे, कारण तोंडाने सांगायला गेलो होतो आणि जमलं नाही. तेही पुढे येईलच.

बोर्ड म्हणजे काय ते आधी सांगतो. वहीएवढी प्लास्टिकची पाटी. तिच्यावर होकायंत्र, घड्याळ आणि खोली दाखवणारा डेप्थ गेज बसवलेला असतो. पाण्याखाली डायव्हर जोडीने जातात. दोघांच्या मध्ये एक आखूड दोरी, ती बडी लाइन. बोर्ड एकाच्याच हातात. तो दिशा आणि खोली सांभाळतो. दुसरा आजूबाजूला लक्ष ठेवतो आणि पहिल्यावर विश्वास ठेवतो. त्याच्याकडे गेज नसतो.

सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नाशिकच्या इंदिरानगरात घर केलं. एका टूर कंपनीसाठी स्विमिंग पूलवर स्कूबाचा सराव घेतो, कधी ग्रुप घेऊन परदेशीही जातो. नाशिकला समुद्र नाही, पण समुद्राच्या तळाशी जायची हौस गेल्या काही वर्षांत फार आली आहे. द्राक्षाचे एक्स्पोर्टवाले येतात, डॉक्टर येतात, लग्न ठरलेली जोडपी येतात. पूलमध्ये पाय बुडायच्या आत सगळ्यांचा एकच प्रश्न असतो. सर, तुमचं फेव्हरेट डेस्टिनेशन कोणतं?

या प्रश्नाचा मला वैताग आहे. तरी उत्तर देतो, पगार त्याचाच मिळतो. मालदीवला जा, मांटा रे मासा डोक्यावरून चादरीसारखा जातो. बालीला जा, बुडालेलं जहाज किनाऱ्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, बोटीत उलट्या होण्याची भीती नाही. ग्रेट बॅरिअर रीफ नावाने मोठं आहे, पण बोटीचा प्रवास लांब आणि पुष्कळ ठिकाणी कोरल पांढरं पडलं आहे. लाल समुद्राचं पाणी सर्वांत स्वच्छ. मग लोक विचारतात, तिथे जैन जेवण मिळतं का. मालदीवच्या बोटीवर एका काकांनी चिवड्याचा डबा उघडला आणि भेळ करायला कांदा मागितला. पाण्याखाली फोटोसाठी सगळे अंगठा वर करतात. डायव्हरच्या खुणांत अंगठा वर म्हणजे ‘वर चला’ आणि अंगठा खाली म्हणजे ‘खाली चला’. हे दहा वेळा सांगूनही कॅमेरा दिसला की अंगठा वर जातोच. मी त्यांना खरोखर वर घेऊन जातो. मग रुसतात.

माझं फेव्हरेट म्हणून मी लाल समुद्र सांगतो. ते खोटं आहे.

ही सगळी नावं मी पहिल्यांदा ऐकली ती नायक भास्कर पगारच्या तोंडून. भास्कर मूळचा सटाण्याकडचा. त्याचे वडील, आबा, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते, म्हणून घर तिथल्या कॉलनीत. मी तेव्हा हवालदार. दोघंही नाशिकचे म्हणून सुट्टीला एकाच गाडीने यायचो. परेडवर तो मला उस्ताद म्हणायचा, बाहेर दादा.

आम्ही सैन्याच्या इंजिनिअर्स कोअरचे डायव्हर. आमचं काम नदीत, धरणात, पुलाखाली. गढूळ पाणी. स्वतःचा हात डोळ्यासमोर धरला तरी दिसत नाही, सगळं चाचपडून करायचं. एवढ्या नोकरीत पाण्याखाली मी काय पाहिलं? पुलाचे खांब, एक मोटरसायकल आणि म्हशीचा सांगाडा. सांगाड्याला भास्करने अंधारात मिठी मारली होती. वर आल्यावर म्हणाला, दादा, तुझ्या मेव्हणीला भेटून आलो.

त्या वर्षी आमच्या सेक्शनला एक्सरसाइजसाठी अंदमानातल्या एका बेटावर पाठवलं. तिथे नवीन काम शिकायचं होतं, ऑक्सिजन सेटवर पोहणं. टुरिस्ट वापरतात त्या सिलिंडरमध्ये साधी हवा असते आणि श्वास सोडला की बुडबुडे वर जातात. शत्रूला ते दिसतात. ऑक्सिजन सेटमधून बुडबुडे येत नाहीत, सोडलेला श्वास साफ होऊन परत आत येतो. पण त्याची एक अट आहे. शुद्ध ऑक्सिजन खोल पाण्यात विषासारखा वागतो, माणसाला फिटसारखे झटके येतात. आम्हाला हुकूम होता सात मीटरचा. सात मीटरच्या खाली जायचं नाही, कारण काहीही असो. रोज ब्रीफिंगमध्ये कॅप्टनसाहेब विचारायचे, “लिमिट?” आम्ही ओरडायचो, “सात, साब.”

अडचण पाण्याची होती. ते पाणी काचेसारखं होतं. पहिल्या दिवशी तोंड पाण्यात घातलं आणि तळाची वाळू, वाळूवरची आपलीच सावली दिसली. गढूळ पाण्यात माणूस गेजवर जगतो. तिथे डोळे म्हणायचे, हा काय तळ, इथेच तर आहे. तळ वीस मीटरवर होता.

त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी जेट्टीवर पुण्याचे एक गृहस्थ भेटले. रिसॉर्टमध्ये उतरले होते. आम्ही मराठी बोलताना ऐकून थांबले. त्यांनी जग पालथं घातलं होतं. मालदीव, बाली, लाल समुद्र, ग्रेट बॅरिअर रीफ, पलाऊ, सगळीकडचं वर्णन केलं. मग समोरच्या रीफकडे बोट दाखवून म्हणाले, “इथे मात्र अठरा मीटरवर कोरलची जी भिंत आहे, तशी कुठेच नाही. तुम्ही तर रोजच बघत असाल.”

रोज आम्ही त्या भिंतीच्या डोक्यावरून पोहत होतो आणि रोज सात मीटरवरून परत येत होतो.

भास्करने नावं पाठ केली. बॅरेककडे चालताना आरतीसारखी म्हणत होता. पेन्शन आल्यावर सगळीकडे जाणार होता. मी म्हणालो, आधी पासपोर्ट काढ. तो म्हणाला, तू हसशील दादा, पण पोरीला घेऊन जाईन. पोरगी तेव्हा दोन वर्षांची होती.

त्या रात्री माझ्या डोक्यात ते अठरा मीटर बसलं. मी डायव्हर. नोकरीभर चिखल चाचपला. आणि एका पोट सुटलेल्या टुरिस्टाने जे बघितलं ते मी बघायचं नाही. राग कोणावर होता, कोणास ठाऊक. पण होता.

सकाळी पाण्यात उतरलो. कोर्स ठरलेला होता. जेट्टीपासून रीफच्या कडेने, पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या बोयापर्यंत आणि परत. मागे सेफ्टी बोट, बोटीत कॅप्टनसाहेब आणि नर्सिंग असिस्टंट. जाताना बोर्ड भास्करकडे होता. त्याने खोली सात मीटरच्या वर ठेवली, एकदाही हलली नाही. बोयापाशी अदलाबदल केली, बोर्ड मी घेतला. परतीला लागलो.

भिंत डाव्या हाताला, आमच्या खाली होती. पंख्यांसारखं पसरलेलं जांभळं कोरल, त्यात माशांचे थवे, खाली एक कासव कडेला टेकून काहीतरी खात होतं. मी थांबलो. भास्करकडे पाहिलं. मूठ केली आणि अंगठा खाली दाखवला.

तो क्षणभर थांबला. त्याने भुवया उंचावल्या, मास्कमधून मला दिसल्या. मी पुन्हा अंगठा खाली केला. तो आला.

गेज मी बघितला. हे मला नीट लिहायचं आहे. नजर चुकली नाही. अकरा होते तेव्हा बघितला, चौदा होते तेव्हा बघितला. दोन मिनिटं, मनात म्हटलं, दोन मिनिटांनी काय होतंय.

आणि ते सुंदर होतं. त्यानंतर मी चार समुद्र पाहिले, लोकांना घेऊन गेलो, पण तसं कुठे नाही. अजूनही तीच जागा मला सगळ्यात सुंदर वाटते आणि याचीच मला चीड येते.

बडी लाइनला हिसका बसला. वळून पाहिलं तर भास्करचा ओठ फडफडत होता. मी वरची खूण केली. त्याला ती दिसली की नाही, सांगता येणार नाही. पुढच्या क्षणाला त्याचं सगळं अंग ताठ झालं आणि झटके सुरू झाले. माउथपीस सुटला. मी त्याला मागून धरलं आणि वर आणलं. तोच ऑक्सिजन मीही घेत होतो. मला काही झालं नाही. डॉक्टर पुढे म्हणाले, माणसागणिक फरक पडतो.

बोट जवळच होती. रेडिओवर कॅप्टनसाहेबांचा आवाज शांत होता. “बेस, दिस इज सेफ्टी बोट. वन कॅज्युअल्टी. रिटर्निंग टू जेट्टी. एम.ओ. को बुलाओ. ओव्हर.” नर्सिंग असिस्टंट जेट्टीपर्यंत छाती दाबत राहिला, जेट्टीवरही थांबला नाही. एम.ओ., म्हणजे डॉक्टर, आले आणि त्यांनी त्याचा हात धरून थांबवला.

पाण्याचा जोर होता, ओढीत बोर्ड कुठे गेला ते कळलं नाही, असं मी कॅप्टनसाहेबांना सांगितलं. बोर्ड माझ्या मनगटाला अडकवलेला होता. वर येताना मीच तो सोडून दिला. तेव्हा मुद्दाम सोडला, की नुसता हात मोकळा हवा म्हणून, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत प्रश्न सरळ होता. “रिटर्न लेग पे बोर्ड किसके पास था?”

“नायक पगार के पास, साब.”

पुढचे सगळे निष्कर्ष या एका उत्तरातून निघाले. खोलीचं उल्लंघन त्याचं. मी त्याच्यामागे त्याला वर आणायला गेलेला. माझ्या वागण्याची नोंद चांगली झाली. मला प्रमोशनची फिकीर नव्हती असं आज लिहिलं तर तेही खोटं होईल.

गेल्या महिन्यात पूलच्या नव्या बॅचमध्ये एक मुलगी आली. तेजल. पुण्याला नोकरी करते, सरावासाठी शनिवारी येते. आडनाव पगार. सराव संपल्यावर बाकीचे कपडे बदलायला गेले, ती काठावर थांबली.

“काका, मी एकलहऱ्याच्या भास्कर पगारांची मुलगी. ओळखलं नाहीत ना?”

ओळखलं होतं. भुवया त्याच्याच आहेत. ती मैत्रिणींबरोबर अंदमानला चालली होती. त्याच बेटावर. परदेशी का नाही जात, मी विचारलं, मालदीव परवडतं आता. तर म्हणाली, आधी पप्पांची जागा बघायची, मग बाकीचं जग.

“तुम्ही घाबरू नका,” ती म्हणाली. “मी त्यांच्यासारखं नाही करणार. गेज बघत राहीन. आबांना शब्द दिलाय.”

मी म्हणालो, “वेट बेल्ट डावीकडे सरकलाय. नीट कर.”

ती गेल्यावर मी पूलवरच्या माणसावर क्लोरीन जास्त झालं म्हणून ओरडलो. क्लोरीन बरोबर होतं.

त्या रविवारी एकलहऱ्याला गेलो. आबा ऐंशीच्या पुढचे आहेत. डोळ्यांना आता फक्त उजेड-अंधार कळतो. त्यांची सगळी नोकरी बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये गेली, समोर भिंतभर गेज. कॉलनीतल्या लोकांनी तेव्हा भास्करचा युनिफॉर्ममधला फोटो हॉलमध्ये लावायचं ठरवलं होतं. आबांनी लावू दिला नाही. घरातही नाही. घरात त्याचा फोटो आहे तो शाळेतला, खो-खोच्या टीममधला.

“बस,” आबा म्हणाले. “पोरगी म्हणे तू शिकवतोस.”

“हो आबा. चांगली शिकते.”

“गेज बघाले शिकव. बाकी काही नको.” मग म्हणाले, “आमच्या कामात गेजवरून नजर हलली तर शेजारचा मरतो. मी त्याला लहानपणी सांगेल होतं. कंट्रोल रूममध्ये नेऊन दाखवेल होतं. तरी हातात गेज असून बघितला नाही.” त्यांनी माझ्या दिशेने तोंड केलं. “त्याच्याच हाती होता ना?”

मी हेच सांगायला गेलो होतो. बसमध्ये वाक्य तयार केलं होतं.

“हो आबा,” मी म्हणालो.

“मग झालं,” ते म्हणाले, आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

चहा पिऊन उठलो. वहिनी, भास्करची बायको, फाटकापर्यंत आल्या. कडी काढताना म्हणाल्या, “भाऊजी, दरवेळी तुम्ही काहीतरी सांगायला आल्यासारखे येता.”

“येतो वहिनी,” मी म्हणालो.

तेजल पुढच्या आठवड्यात निघते. डोळ्यांमुळे आबांना आता वाचता येत नाही, तेव्हा हे लिहिलेलं आपोआप त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. कोणीतरी वाचून दाखवेल, अशी आशा धरणं हीसुद्धा पळवाट आहे. ती मी ओळखतो, वीस वर्षं तिच्यावरूनच चाललो आहे.

नायक भास्कर पगार चांगला डायव्हर होता. गढूळ पाण्यात त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. त्याने पाठ केलेल्या नावांपैकी चार ठिकाणी मी जाऊन आलो. पलाऊ राहिलं आहे, तिथे मी जात नाही. त्या सकाळी बोर्ड त्याच्याकडे होता तोवर आम्ही एकदाही सात मीटरच्या खाली गेलो नाही.

आबांच्या समोर बसून मला एवढं सांगायचं आहे, ते मी देणं लागतो. गेज माझ्या हातात होता. मी तो बघितला होता. तुमच्या मुलाने हुकूम पाळला.