मामांचा बिबट्यावर विश्वास नव्हता

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत वन खात्याने जेवढे बिबटे पिंजऱ्यात धरले असतील, त्याहून जास्त माझ्या आत्याच्या यजमानांनी रस्त्यावर खोटे पाडले आहेत. हे विधान मी जबाबदारीने करतो आहे. दोन्ही तालुक्यांतले निम्मे पिकअपवाले त्याला साक्षीदार आहेत. आमच्याकडे गाडी खड्ड्यात गेली की कारण तयार असते : बिबट्या आडवा आला. बिबटे आहेत, उसात आहेत, गोठ्यापर्यंत येतात, हे कोणीच नाकारत नाही, आणि म्हणूनच हे कारण सोयीचे पडते. बिबट्यावर गुन्हा दाखल होत नाही, त्याचा परवाना जप्त होत नाही आणि उलटतपासणीला तो येत नाही.

आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. आमच्याकडे तीच रीत आहे. पुढे अख्खा रस्ताच त्यांना मामा म्हणू लागला. नोकरीत असताना ते भूकरमापक होते, म्हणजे लोकांच्या भाषेत मोजणीवाले. हयातभर त्यांनी दुसऱ्यांच्या बांधांची मापे घेतली आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. निवृत्तीनंतर जुन्नर-आळेफाटा रस्त्याला एका वळणावर त्यांनी घर बांधले आणि मोजायला बांध उरले नाहीत म्हणून ते ब्रेकच्या खुणा मोजू लागले. वळणावर धडामकन आवाज झाला की मामा हातातला घास ताटात ठेवून उठत. खांद्याच्या पिशवीत पोलादी टेप, चुन्याची पुडी आणि लाल पेन्सिल कायम भरलेली असे. आधी जखमीला गाडीत घालून दवाखान्यात धाडायचे, मग चाकांच्या जागांभोवती चुना टाकायचा, मग टेप धरायला गर्दीतल्याच एखाद्याला राबवायचे. पोलीस यायच्या आत गाड्या बाजूला ओढून जो तो चहाच्या टपरीकडे वळतो, ही आपल्याकडची पद्धत. मामा त्या ओढाओढीच्या आड येत. मोठी गाडी दिसली की चूक तिचीच, असा निकाल गर्दी उभ्या उभ्या देते, त्याच्याही आड. "आरं, आकारानं चूक ठरत आसती तर हत्तीला जल्मठेप झाली आसती," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान पाच अपघातांत ऐकले आहे.

एका पहाटे टोमॅटोने भरलेला पिकअप त्यांच्या वळणावर कलंडला. चालकाला खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते. गर्दी जमायच्या आत त्याने बिबट्या सांगून टाकला होता, आणि माणसे जमतील तसा तो बिबट्या लांबीला वाढत होता. मी बातमीसाठी पोहोचलो तेव्हा मामा रस्त्याकडेच्या भिजवलेल्या वाफ्यात वाकून हिंडत होते.

"कुठून आला म्हणालास?"

"ह्या उसातनं, मामा. लई मोठा. असा झेपावला."

"आन गेला कुठं?"

"त्या तिकडं, तुमच्या घराकडं."

"मंग ह्या चिखलात त्यानं पाय ठिवलाच न्हाई? उडत आला?"

चालक काही बोलणार तेवढ्यात उलटलेल्या केबिनमधून गाणे ऐकू आले. सीटखाली फोन चालूच होता. पडद्यावर एक बाई नाचत होती. मामांनी तो उचलला, सगळ्यांना दाखवला आणि शांतपणे विचारले, "ह्यो फोन बिबट्याच्या हातात व्हता का रं तुझ्या?" पाठोपाठ त्यांनी कलमे सुरू केली. कलमे त्यांना मुखोद्गत होती. हयगयीने गाडी चालवली तर दोनशे एक्क्याऐंशी, सहा महिने. कुणाचे हाड मोडले तर एकशे पंचवीस, तीन वर्षांपर्यंत. जीव गेला तर एकशे सहा, पाच वर्षांपर्यंत. जखमीला टाकून पळालात तर त्याचे आणखी वेगळे. कायदा बदलून नवे आकडे आले तेव्हा मामा आठवडाभर चिडलेले होते. दोनशे एकोणऐंशी हा आकडा त्यांनी आयुष्यभर लोकांना ऐकवला होता, आणि आता गुन्हा तोच ठेवून नंबर बदलल्याने आपली सगळी उजळणी वाया गेली, अशी त्यांची तक्रार होती.

त्यांचा सर्वांत जास्त राग मात्र माझ्यावर होता. वीस वर्षे मी तालुक्याच्या अपघातांच्या बातम्या देतो आहे आणि वीस वर्षे त्यांत एक वाक्य ठरलेले आहे : चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्याने हा अपघात झाला. मामा ती बातमी कापत, 'ताबा सुटल्याने' खाली लाल रेघ मारत आणि कात्रण माझ्या घरी आणून देत. "ओ पत्रकार," ते दारातूनच सुरू करीत, "ताबा सुटला म्हंजी काय? ताबा काय दाव्याचं जनावर हाय, आपआपलं सुटायला? त्यो उजव्या अंगानं घुसला आसंल, पेंगला आसंल, प्याला आसंल, फोनवर बोलत आसंल. उसाच्या ट्रॉलीला मागं लाल पट्टी नसंल. ह्यातलं काय झालं ते लिव्ह की! तुझ्या बातमीत माणूस मरतो आन मारणारा कुणीच न्हाई." मी त्यांना सांगत असे की तपास पूर्ण होण्याआधी दोष लिहिता येत नाही. ते म्हणत, "आन तपास झाल्यावर कवा लिव्हलास?" मी कात्रण घडी घालून खिशात ठेवी.

स्वतः गाडी चालवताना मामा हे एक प्रेक्षणीय दृश्य होते. जुनी पांढरी गाडी अंगणातून फाटकापर्यंत नेतानाही ते पट्टा लावीत. वळणावर हॉर्न, गतिरोधकावर हॉर्न, आणि मंचरच्या बाजारात कुणी चुकीच्या बाजूने समोर आला तर गाडी तिथेच बंद करून, काच खाली घेऊन, त्याला कलम. मागे रांग लागे. आत्या पदर डोळ्यांवर ओढून घेई. परवाना काढल्यापासून एकही पावती फाटलेली नाही, ही एवढी एकच गोष्ट ते फुशारकीने सांगत. तो परवाना ते देवघरातल्या डब्यात, रेशन कार्डाशेजारी ठेवीत आणि निघताना काढून घेत.

त्या परवान्यावर बेतले ते मागच्या वर्षी, जूनच्या सुरुवातीला. रस्ते अजून कोरडे होते. मामा आणि आत्या लेण्याद्रीहून दर्शन करून परतत होते. वाटेत मामांना डांबरावर काळ्याशार ताज्या खुणा दिसल्या. आदल्या दिवशी कोणीतरी करकचून ब्रेक मारला असणार. खुणा डावीकडे वळून अर्ध्यातच संपल्या होत्या. हे असे कसे, म्हणून मामांनी गाडी चालवता चालवता मान बाहेर काढून मागे पाहिले. पुढे रस्त्याच्या कडेला मढ गावचा एक शेतकरी मोपेड उभी करून, सैल झालेले भाताच्या बियाण्याचे पोते बांधत होता. मामांच्या गाडीने त्याला उडवले. पाय गुडघ्याखाली मोडला.

मामांनी आत्याला जागेवर उतरवले, पोत्याशी उभे राहून कुणाला काही हलवू देऊ नकोस म्हणून बजावले, येणाऱ्या-जाणाऱ्या दोघांच्या मदतीने त्या माणसाला मागच्या सीटवर आडवे केले आणि जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयात नेले. परत आले तेव्हा पन्नासेक माणसे जमली होती. सगळी ओळखीची. यातल्या अनेकांना मामांनी कधी ना कधी कलम ऐकवले होते, आणि तरीही एकही जण त्यांच्याविरुद्ध बोलेना. तो टोमॅटोवाला पिकअपचालकही तिथे होता. तो पुढे झाला आणि हळूच म्हणाला, "मामा, बिबट्या आडवा आला म्हणा."

"आकरा वाजल्यात," मामा म्हणाले.

"मंग काय झालं? दिवसाबी येत्यात आता. आमी समदे सांगू. आमी बघितला."

"किती मोठा व्हता?" गर्दीतून कोणीतरी विचारले. लोक हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून टेप काढला, एक टोक पिकअपवाल्याच्या हातात दिले आणि मोपेडच्या जागेपासून मागे मागे चालत गेले. बरेच अंतर गेल्यावर थांबले. मग पिशवीतली वही उघडून लिहिले. ती वही मी पाहिली आहे. अपघाताची जागा, वेळ, रस्त्याची रुंदी, आणि खाली एक ओळ : ब्रेकची खूण : नाही.

ठाण्यात हवालदाराने त्यांना खुर्ची दिली आणि चहा मागवला. मामांनी चहा नाकारला आणि स्वतःविरुद्ध फिर्याद द्यायची आहे असे सांगितले. "मामा," हवालदार म्हणाला, "फिर्यादी तुमीच, आरोपी तुमीच. पंच म्हणून पण तुमीच बसताय का? राव, मिटवून टाका की. त्यो पावणा तरी कुठं तक्रार करतोय?"

तो खरेच करत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी रुग्णालयात गेलो तेव्हा मामा त्याच्या खाटेशी उभे होते आणि आवाज वऱ्हांड्यापर्यंत येत होता.

"तुमी माझ्यावर केस करा!"

"न्हाई करत," मढचा पाहुणा म्हणाला. "तुमीच तर दवाखान्यात आणलं. असा माणूस कोण हाय? त्याच्यावर केस करू?"

"आवो, आणायचंच आसतं! कायदाच हाय तसा. उपकार न्हाई क्येला मी."

"मिटवू की, मामा. माझा काय राग न्हाई."

"तुमचा राग कोण इचारतंय?" मामा कडाडले. परिचारिका दारात येऊन उभी राहिली. "कागद झाला न्हाई तर इमा कंपनी एक दमडी द्येनार न्हाई. लावणी तोंडावर आलीया. चिखलात कोण उभं ऱ्हानार, तुमच्या घरचं? वर्षभर काय खानार? पाय तुमचा मोडलाय, पावणं. माझी अब्रू झाकायला न्हाई मोडला त्यो."

पाहुण्याची बायको खाटेच्या पायथ्याशी बसली होती. त्याने तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "म्हातारं बरोबर बोलतंय. द्या जबाब."

जबाब झाला. मामांनी मला बाहेर गाठले. "लिव्ह," ते म्हणाले. "नावासकट लिव्ह. चालकाचं रस्त्यावर लक्ष नव्हतं, आसं लिव्ह." मी तसेच लिहिले. आयुष्यातली ती माझी सर्वांत अचूक अपघाताची बातमी. सकाळी अंक उघडला. मजकूर चार ओळींचा झाला होता, आणि शेवटी होते : चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्याने हा अपघात झाला. मी कार्यालयाला फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, लक्ष नव्हतं कसं म्हणायचं? स्टाइलमध्ये बसत नाही." वीस वर्षांत मी फोनवर ओरडलो तो तेवढाच एकदा. संध्याकाळी कात्रण घरी आले. लाल रेघ होती. मामा मात्र ते उंबऱ्यावर ठेवून निघून गेले होते.

जुन्नरच्या कोर्टात मामांनी गुन्हा कबूल आहे असे पहिल्याच तारखेला सांगितले. त्यांच्या वकिलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मॅजिस्ट्रेटांनी वय पाहिले, दवाखान्यात नेल्याचे पाहिले आणि दंड व कोर्ट उठेपर्यंत कैद अशी शिक्षा सुनावली. दुपारच्या सुट्टीत शिपाई म्हणाला, मामा, जा, चहा घेऊन या, कोणी बघत नाही. मामा बाकावर टेप ताणल्यासारखे ताठ बसून होते. "कोर्ट उठलं न्हाई आजून," ते म्हणाले. संध्याकाळी मॅजिस्ट्रेट उठल्यावरच ते उठले, आणि पाय आखडल्यामुळे त्यांना माझा हात धरावा लागला. परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला. तीन महिने संपून गेले. परत आलेला परवाना देवघरातल्या डब्यात आहे, आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली. मढच्या पाहुण्याचा विमा भरपाईचा दावा न्यायाधिकरणात मंजूर झाला. तो अजून थोडा लंगडतो, पण या वर्षी लावणीला स्वतः उभा होता.

मामा आता वळणावरचे आवाज ऐकून उठत नाहीत, असे आत्या सांगते. आवाज झाला की जेवता जेवता थांबतात, दाराकडे पाहतात आणि पुन्हा घास घेतात. पिशवी मात्र खुंटीवर भरलेली असते. महिन्यातून एकदा ते एसटीने जुन्नरला आणि तिथून लेण्याद्रीच्या रस्त्याला जातात. मी एकदा मागून गेलो होतो. ज्या जागी मोपेड उभी होती तिथून ते टेपने मागे मोजत आले, थांबले, आणि डांबरावर चुन्याची एक आडवी रेघ ओढली. काय करताय, म्हणून मी विचारले.

"हितं मारायला पायजे व्हता," ते म्हणाले. "ब्रेक. हितनं दिसत व्हता त्यो."

पाऊस ती रेघ पुसतो, चाके पुसतात. मामा पुन्हा येतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती कशाची आहे हे माहीत नाही. काहींना वाटते, रस्तेवाल्यांचे काही काम निघाले असेल. त्या रस्त्याने मी आठवड्यातून दोनदा तरी गाडी नेतो. रेघ दिसली की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो, आणि पुसली गेली असली तरी जातो. तिथे बिबट्या मला अजून एकदाही दिसलेला नाही.