यशोधराबाईंनी मानपत्र घेतलं नाही

मानपत्र मी लिहिलं होतं, म्हणून त्या दिवशी जे घडलं त्याचा पहिला धक्का मलाच बसला.

दोन हजार दोन सालची गोष्ट. इंदूरच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा मी तेव्हा सेक्रेटरी होतो. मंडळीतली निम्मी घरं कापडमिलवर जगलेली. यशोधराबाई पाटोळे मिलच्या दवाखान्यात नर्स होत्या, त्यांचे यजमान शरदराव सूतखात्यात. एक्याण्णव साली मिलला टाळं लागलं, तेव्हा शरदरावांनी गेटसमोर बसून रोज प्रार्थना चालवली. मिल पुन्हा सुरू होणार, यावर त्यांची अढळ श्रद्धा होती. हिंदू, मुसलमान कामगारही त्यांच्या शेजारी डोळे मिटून बसत. दीड महिन्यानंतर एका दुपारी ते तिथेच कोसळले आणि गेले. मिल काही उघडली नाही.

बाईंना कुणी रडताना पाहिलं नाही. आठवड्याभरातच त्या खांद्याला पिशवी लावून परदेशीपुऱ्यातल्या चाळींतून फिरू लागल्या. कापसाच्या धुळीनं छाती गेलेल्या कामगारांना इंजेक्शनं देणं, टीबीच्या गोळ्या समोर बसून घ्यायला लावणं, म्हाताऱ्यांच्या जखमा धुणं. मिलमधले बरेचजण पोलोग्राउंडच्या वर्कशॉपांत लागले होते. तिथे कुणाचं बोट मशीनमध्ये गेलं की पट्टी बाईंच्याच हातची. अकरा वर्षं हे चाललं.

लोक म्हणायचे, "बाई तर सीध्या स्वर्गात जाणार." मी तेच जरा सजवून मानपत्रात लिहिलं. उपासनेनंतर ते वाचलं, आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, शाल घेऊन पुढे झाले. बाई उभ्या राहिल्या, पण शाल त्यांनी हातानंच थांबवली.

"हे मला घेता येणार नाही," त्या म्हणाल्या. "माझा देवावर विश्वास नाही. शरदराव गेले त्या दिवसापासून नाही. तुम्हाला कळू नये म्हणून मी कामाला लागले. काम करणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. पाळकसाहेब जयेश रणपिसे, वयानं बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, शाल तशीच धरून उभे. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजन, म्हणजे विश्वासणाऱ्यांना येशूच्या नावानं भाकर मोडून द्यायचा विधी असतो तेव्हा, बाई नेमक्या कुणातरी आजाऱ्याकडे गेलेल्या असत. अकरा वर्षांत त्यांनी ती भाकर तोंडात घातली नव्हती आणि आम्हा कुणालाही ते दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आणि मी त्यांच्या खोलीवर गेलो. बाईंनी चहा ठेवला आणि सरळच विचारलं, "पाळकसाहेब, खरं सांगा. एवढ्या कामावर मला तारण मिळेल का? लोक म्हणतात तसा स्वर्ग?"

पाळकसाहेबांनी कप बाजूला सरकवला. मला वाटलं, हो म्हणून मोकळे होतील. कुणीही झालं असतं.

"नाही," ते म्हणाले. "आपण तसं मानत नाही. तारण देवाच्या कृपेनं मिळतं, विश्वासानं घ्यायचं असतं. विश्वास असला की कामं मागून येतात. तुमच्यात कामं आहेत आणि विश्वास नाही, हे कसं झालं ते मला समजत नाही. मी रात्रभर झोपलो नाही."

"मग विश्वास कुठून आणू?"

"तोही मागावाच लागतो."

"शरदरावांनी मागितलं होतं," बाई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

मंडळीत महिनाभर हाच विषय. काहीजण म्हणाले, बाईंनी आपल्याला फसवलं. चाळीत मात्र कुणाला काही फरक पडला नाही. गजानन, शरदरावांचा मिलमधला जुना जोडीदार, मला म्हणाला, "भिया, मला सुई टोचताना त्यांनी कधी माझा देव विचारला नाही. मी त्यांचा कशाला विचारू?"

मग पावसाळ्यात जिन्यावरून पडून बाईंच्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि तीन महिने अंथरुणावरच राहायचं ठरलं. आता चाळ त्यांच्याकडे येऊ लागली. शेजारच्या जनाबाई त्यांना अंघोळ घालत, बेडपॅन देत. गजानन खोकत खोकत दोन जिने चढून डबा आणे. बाई सगळ्यांवर चिडत. एकदा त्यांनी डबा परत पाठवला. गजानन तो घेऊन दारातच बसून राहिला. शेवटी त्यांनी खाल्लं. पुढे पुढे त्या चिडेनाशा झाल्या, नुसत्या आढ्याकडे बघत पडून असत.

ऑक्टोबरात त्यांनी पाळकसाहेबांना बोलावणं पाठवलं. सोबत मीही होतो.

"मला प्रभुभोजन द्या," त्या म्हणाल्या.

पाळकसाहेब जागीच थांबले. "विश्वास आला का?"

"माहीत नाही. पण तीन महिने मी कुणाच्या काही उपयोगाची नाही, तरी लोक भरवतायत. आधी वाटायचं, माझ्या हातात दाखवायला काहीतरी पाहिजे. आता काहीच नाही. अशाच माणसाला देतात ना ते?"

पाळकसाहेबांनी भाकर मोडली, बाईंच्या ओठांशी धरली. बाईंनी लहान मुलासारखं तोंड उघडलं. जनाबाई दारात पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या, त्यांना त्यातलं काही समजत नव्हतं, तरी त्यांनी हात जोडले. मी खिडकीकडे वळलो.

विश्वास नसलेल्या बाईला प्रभुभोजन दिलं, यावरून मंडळीतल्या दोन घरांनी आमच्या उपासनेला येणं सोडलं. बाई आणखी पाच वर्षं जगल्या, काठी घेऊन जमेल तेवढ्या चाळी फिरल्या. मी एकदा विचारलं, विश्वास परत आला का.

"एखाद्या दिवशी असतो," त्या म्हणाल्या. "नसतो तेव्हाही पहिल्या रविवारी मी येते."