विमान कंपनीच्या नावे फाडलेली पावती

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या गल्लीत पोस्टमनपासून सगळ्यांना ठाऊक आहे. पण तापट माणूस शूरही असतो असं जे समजतात, त्यांनी माझी ही गोष्ट एकदा ऐकावी.

मी तेव्हा यवतमाळला शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. शेतीच्या विद्यार्थ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना होती, देशोदेशी शाखा असलेली. तिची आमच्या कॉलेजातली शाखा म्हणजे आम्ही दोघी. मी सचिव आणि माझी मैत्रीण कोषाध्यक्ष. बाकीचे सभासद फोटोपुरते. कोष रिकामाच होता, त्यामुळे कोषाध्यक्षाला काम नव्हतं. सचिवाला मात्र बोलायला भरपूर होतं, आणि ते मी मनापासून करत असे.

मैत्रीण नेरकडची. तिचे वडील एसटीत कंडक्टर, यवतमाळ-नेर गाडीवर. ती बोलायची मोजकं आणि लिहायची नेटकं. तिनं पऱ्हाट्यांवर निबंध लिहिला होता. कापूस वेचून झाला की शेतात ज्या काड्या उरतात, त्या पऱ्हाट्या. लोक त्यांचं काय काय करतात, चुलीत कशा घालतात, कुडाच्या भिंती कशा उभारतात, कोणतं गाव कुंपण कसं बांधतं, असं सगळं तिनं गावोगाव फिरून लिहून काढलं होतं. तो निबंध संघटनेनं तुर्कस्तानातल्या परिषदेसाठी निवडला. कळवलं असं की, शाखेच्या दोन प्रतिनिधींनी यावं, राहण्या-जेवणाचं आम्ही बघू, इथवर पोचायचं तेवढं तुमचं तुम्ही बघा.

दुसरी प्रतिनिधी मी, हे मी पत्राची घडी घालायच्या आत ठरवून टाकलं. पासपोर्ट काढले. माझ्या आईनं ऐन एप्रिलात स्वेटर विणायला घेतला. त्या उन्हात तो अंगात घालून मी आरशासमोर उभी राहायचे, घामाघूम व्हायचे आणि तुर्कस्तानच्या थंडीचा विचार करायचे. गल्लीत तर आईनं केव्हाच सांगून टाकलं होतं.

आता अडलं होतं विमानाच्या तिकिटांवर. कोणीतरी सांगितलं की विमान कंपन्या अशा कामाला तिकिटं देतात, मागायला पाहिजे फक्त. मागण्यात मी पटाईत!

ती कापसाची वाईट वर्षं होती. दर आठवड्याला कोणी ना कोणी मुंबई-दिल्लीहून कॅमेरा घेऊन यवतमाळात उतरायचं आणि चहाच्या टपरीवर आम्हाला विचारायचं, ‘आप को कैसा लगता है?’ बाहेरगावी यवतमाळचं नाव काढलं की समोरचा माणूस चेहरा पाडायचा. मला वाटलं, लोक चेहरा पाडतातच आहेत तर त्याचा उपयोग का करून घेऊ नये? मी कंपनीच्या मुंबई ऑफिसला असं पत्र लिहिलं की वाचणाऱ्यानं आधी रुमाल शोधावा.

मैत्रिणीनं ते शांतपणे वाचलं आणि माझ्या हातात परत दिलं.

“हे काय वं? भीक मागून राह्यलो का आपण?”

“मदत मागून राह्यलो.”

“माह्या निबंधात एक तरी मानूस रडते का? लोकं पऱ्हाटीचं घर बांधून राह्यले त्याच्यात. अन् तू त्यायच्या नावानं रडून तिकीट मागते?”

मला राग आला, कारण तिचं खरं होतं. “मग कसं मागू? तूच सांग ना!”

“वर्गणी मागतेत तसं माग. हक्कानं.”

इथं बाहेरच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. यवतमाळात नवरात्रात देवीची मंडळं गल्लीगल्लीत बसतात आणि आमच्या गल्लीच्या मंडळाची वर्गणीची रीत अशी, की आधी विचारत नाहीत. आधी पावती फाडतात. तुमचं नाव, आकडा, खाली सही, सगळं लिहून तुमच्या हातात कागद ठेवतात आणि मग छानपैकी चहाची वाट बघत बसतात. पावती हातात आली की माणूस नाही म्हणू शकत नाही. आमच्या बाबांनी कलेक्टर कचेरीत भल्याभल्यांचे अर्ज परत पाठवले, पण पावती कधी परत केली नाही.

झालं! मी मंडळाचं उरलेलं पावतीपुस्तक घरून आणलं. वर देवीचं चित्र होतं, ते राहू दिलं. मंडळाचं नाव खोडून संघटनेचं लिहिलं. ‘यांजकडून’ च्या पुढे विमान कंपनीचं नाव, ‘साभार पोचले’ च्या आधी ‘मुंबई ते तुर्कस्तान, जाणे-येणे, तिकिटे दोन’. सोबतच्या पत्रात लिहिलं की पावती जोडली आहे, तिकिटे सवडीने पाठवावीत, आपल्या नावाचा फलक कॉलेजच्या फाटकावर लावला आहे. तो खरंच लावला होता. पेंटरनं विमान काढलं होतं, पण त्याला चाकं जरा जास्त झाली होती.

सही करायची वेळ आली तेव्हा मी पेन मैत्रिणीपुढे केलं.

“कायले? सचिव तू आहे.”

“पावतीवर कोषाध्यक्षाचीच सही लागते.”

हे खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळं होतं. मंडळात काही गफलत झाली की आधी बघतात सही कोणाची आहे. इतक्या मोठ्या कंपनीला न मिळालेल्या तिकिटांची पावती पाठवायची म्हणजे काही भानगड होणारच नाही असं मला वाटत नव्हतं. तिनं देवीच्या चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. “तुमच्या देवीच्या पावतीवर माही सही. आमच्या घरी देव-देवी काही नाही. बाबानं पाह्यलं तर म्हनन, आता एवढंच राह्यलं होतं,” असं म्हणत हसतहसत तिनं ठसठशीत सही केली.

तीन आठवडे काहीच नाही. मग एक दिवस आमच्या विभागप्रमुख सरांनी मला वर्गातून बाहेर बोलावलं. “मुंबईहून फोन आहे, विमान कंपनीचा. काय करून ठेवलंत?” एवढं बोलून ते तासाला निघून गेले. मैत्रीण झेरॉक्स काढायला गेली होती. मी एकटीच त्यांच्या खोलीत शिरले आणि रिसीव्हर उचलला.

पलीकडे एक भारदस्त इंग्रजी आवाज. माझ्या टेबलावर एक पावती आहे, तो म्हणाला. आमच्या कंपनीनं दोन तिकिटं दिल्याचं तिच्यात लिहिलंय. आम्ही अशी तिकिटं दिलेली नाहीत. या कागदावर सही कोणी केली?

माझा तो प्रसिद्ध तापटपणा कुठे पळाला कोण जाणे! तोंडातून शब्द आले, “मी नाही. आमची कोषाध्यक्ष. सगळं तिनंच केलंय. मी तर तिला नको म्हणत होते.”

मग तो आवाज एकदम वेगळाच झाला.

“अवं, घाबरते काहून? मी उमरखेडचा आहो, तुमच्याच जिल्ह्यातला. आमच्या मंडळाच्या पावत्या तीन साल मीच फाडल्या. मुंबईत सारे अर्ज करतेत, पन माह्या नावानं पावती कोणी फाडली नव्हती आजलोक.” आणि तो असा खदखदून हसला की रिसीव्हर मला कानापासून लांब धरावा लागला. “आता आयक. दोन नाही जमत. माह्या हातात एकच तिकीट आहे. सही जिची तिले देऊन टाकू, असं मनात होतं माह्या. पन थे तुमचं तुम्ही पाहा. बोल, कोनाचं नाव लिहू?”

“तसं पाहिलं तर,” मी म्हणाले, “पत्र मी लिहिलं होतं. पावतीची कल्पनाही अर्धी माझीच.”

“आताच तर म्हनत होती, मी नाही.”

टेबलावर सरांचा पेपरवेट होता, तो मी फिरवत राहिले. माझं नाव सांगितलं असतं तर कोणाला कळणार होतं? निबंध मीही वाचू शकले असते. खरं सांगायचं तर आरशासमोर स्वेटर घालून मी तो वाचूनही बघितला होता. इतकं जायचं होतं मला, इतकं! तिकडून ‘हॅलो, हॅलो’ चाललं होतं. शेवटी मी मैत्रिणीचं नाव सांगितलं, पासपोर्टवर होतं तसं, पूर्ण.

यात चांगुलपणा मुळीच नव्हता. दोन मिनिटांपूर्वी जिला संकटात पुढे ढकललं, तिलाच आता मागे ओढायची लाज वाटली, एवढंच.

थोड्या वेळानं ती आली तेव्हा मी म्हणाले, “एकच तिकीट मिळालंय. तू जा.” तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “बरं.” बस्, एवढंच! घरी जाऊन मी स्वेटरमध्ये तोंड खुपसून रडले आणि दुसऱ्या दिवशी तो तिला नेऊन दिला, फेकल्यासारखा.

ती गेली, निबंध वाचला, परत आली. इकडे गावभर झालं की मी माझं तिकीट मैत्रिणीला देऊन टाकलं. तिचे वडील एका रविवारी तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन घरी आले आणि आईला म्हणाले, “ताई, तुमच्या पोरीनं आमच्या पोरीसाठी जे केलं, थे सख्खी बहीन करत नाही.” आई भरून पावली. मी शेंगा सोलायला आत गेले.

पुढे मला नोकरी लागली ती नेमकी नेरच्या ज्युनिअर कॉलेजात. रोजचं येणं-जाणं, आणि गाडी काकांची, म्हणजे मैत्रिणीच्या वडिलांची. यवतमाळच्या स्टँडवर गाडी लागली की ते पुढच्या सीटवर आपला खांद्यावरचा दुपट्टा टाकून ठेवायचे. कोणी बसायला गेलं की म्हणायचे, “तिथं आमची मॅडम बसते.” मी चढले की दुपट्टा उचलायचे. “बस बेटा.” कितीतरी महिने मी त्या सीटच्या काठावर बसून नेरपर्यंत गेले. टेकायची काही हिंमत झाली नाही.

मैत्रीण तोवर अकोल्याला संशोधनात लागली होती. दिवाळीला घरी आली तेव्हा मी तिला स्टँडवर गाठलं आणि सगळं सांगून टाकलं, धाप लागेपर्यंत. फोन, ‘मी नाही’, सगळं.

ती ऐकत होती आणि शेंगदाणे खात होती.

“मले मालूम आहे,” ती म्हणाली. “झेरॉक्सवाल्याकडं लाइट नव्हती. मी तशीच वापस आली, सरांच्या दारातच उभी होती.”

“मग बोलली का नाहीस? मी तुझं नाव पुढे केलं ते ऐकलंस तू?”

“हाव. अन् मंग दुसऱ्यांदा माहंच नाव सांगतलं, थे बी आयकलं. लय वेळ लावला वं तू. मले वाटलं, आता सोताचंच सांगते.”

“मग काकांना काय सांगितलंस माझ्याबद्दल?”

“तिकीट एक होतं अन् नाव तिनं माहं सांगतलं, असं. खोटं आहे का?” तिनं उरलेले शेंगदाणे माझ्या हातात ओतले. “बाबाले काही सांगू नको आता. त्याले दुपट्टा टाकाची सवय झाली.”

तेवढ्यात गाडी लागली. काकांनी दुपट्टा उचलला, आम्ही दोघी चढलो. ती खिडकीशी बसली आणि मी तिच्या शेजारी, नेर येईपर्यंत मागे टेकून.